छातीतली धडधड : कोणती साधी, कोणती धोक्याची?
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आरतीत झांजेचा एक ठोका चुकला तरी आपल्या माना तिकडे वळतात. लयीचा इतका चांगला कान असलेली आपली माणसं दवाखान्यात मात्र एवढंच सांगतात, "डॉक्टर, धडधडतं." म्हणून आम्ही विचारतो : ती सुरू कशी होते, थांबते कशी, ठोके नियमित आहेत का? टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा बघू!

विश्रांती घेताना ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. ताप, भीती, जिना यांमुळे ते हळूहळू वाढतात आणि हळूहळूच उतरतात. हा बहुधा लयीचा दोष नसतो. मात्र विनाकारण वाढलेले राहिले, तर रक्त कमी आहे का, थायरॉईड वाढलं आहे का, हे बघावं लागतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक ठोका चुकतो आणि पुढचा जोरात आदळतो, अशी तक्रार नेहमीची. खरं तर तो ठोका वेळेआधी पडलेला असतो. हृदय निरोगी असेल तर यात सहसा धोका नसतो.

बटण दाबावं तशी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, जलद पण नियमित धडधड वेगळी. ठोके १५० च्या पुढे जातात, गळ्याशी उडतात. ही बहुधा एसव्हीटी. दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबलेली असते, ईसीजी नॉर्मल येतो आणि घरच्या लेकी-सुनांना "टेन्शन घेऊ नकोस" एवढंच ऐकावं लागतं. धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

ज्येष्ठांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात नाडीला ताल सापडतच नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत बदलतं. दम लागतो, थकवा येतो. पण अनेकांना काहीच जाणवत नाही. हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी रक्त पातळ करणारी औषधं आहेत. ॲस्पिरिन त्यांची जागा घेऊ शकत नाही. बरं वाटतं म्हणून ती औषधं मनानं बंद करू नका.

याउलट नाडी चाळिशीत, चालताना डोळ्यांपुढे अंधारी आणि मधूनच पडणं. याला आपण "वय झालं" म्हणतो. कधी तो हृदयातल्या विद्युतमार्गाचा अडथळा असतो आणि पेसमेकरनं माणूस पुन्हा हिंडूफिरू लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते, म्हणून गोळ्या सोबत आणाव्या.

धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा फार दम लागला, तर वाट पाहू नका. थेट इस्पितळ गाठा. पूर्वी हार्ट अटॅक आलेल्यांनी आणि घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल त्यांनी तर विशेष जपावं.

केवळ लक्षणांवरून निदान पक्कं होत नाही. त्याला ईसीजी, कधी २४ तासांचं होल्टर लागतं. पण संशय घरीच येऊ शकतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा, पूर्ण ६० सेकंद मोजा. किती ठोके, याबरोबर ताल आहे का, तेही लिहा. आज घरी गेल्यावर आई-वडिलांची नाडी जरूर बघा.

गणपती बाप्पा मोरया!