घरच्या शटरची कळ

लोखंडी शटर हे आपल्याकडे मूळचे दुकानाचे. सकाळी खाली वाकून कुलूप काढायचे, आकडीची काठी लावून ते वर लोटायचे आणि रात्री त्याच काठीने ओढून खाली आणायचे. त्याच्या खडखडाटावरून पेठेतल्या माणसाला किती वाजले ते कळे. हे शटर आता घरात शिरले आहे. कोणत्याही शहराच्या नव्या वस्तीत पाहा. तळमजल्यावर गाडी ठेवायची जागा, तिला शटर, आणि शटर उचलायला विजेची मोटर. मोटर किती ताकदीची घ्यायची, हा प्रश्न तसा सोपा. दाराची लांबी-रुंदी आणि पट्ट्यांचे वजन धरले की शटरवाला आकडा काढून देतो. खरा घोटाळा त्यापुढे होतो. त्या मोटरला हुकूम कोणी, कुठून आणि कशाने द्यायचा?

दुकानात गेलात की भिंतीवरची कळ, खिशातला रिमोट, मोबाइलवरून चालणारी पेटी, अशा वस्तू एकामागून एक काउंटरवर येतात. विकणारा साहजिकच महागातल्या वस्तूचे गुण गातो. आपण मात्र हलक्या वस्तूपासून सुरुवात करू, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

घरगुती शटरच्या साध्या मोटरला विजेच्या दोन वाटा असतात. एका तारेत वीज सोडली की शटर वर जाते, दुसरीत सोडली की खाली येते. दोन्ही तारांत एकदम वीज गेली तर मोटर बिघडते. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. ‘हे किंवा ते, पण दोन्ही नव्हे’ याचे इतके रोकडे उदाहरण मला पुस्तकात सापडलेले नाही. म्हणून या कामाला अशी जोडकळ लागते, की तिची एक बाजू दाबली असताना दुसरी दाबलीच जाऊ नये. पंख्याची दोन साधी बटणे शेजारी शेजारी बसवून देतो म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजावा आणि दुसरा वायरमन शोधावा. तसेच, एका कळीवर दोन मोटरी परस्पर जोडू देऊ नयेत. साध्या मोटरीत एकीतली वीज दुसरीत उलटी शिरते आणि शटर भलत्या दिशेला चालू लागते. दोन शटरे एकत्र चालवायची असतील तर मध्ये रिले घालावा लागतो.

भिंतीवरच्या कळीला लोक जुनाट म्हणून नाक मुरडतात. पण ती हरवत नाही, तिला सेल लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती दाबणारा माणूस शटरसमोर उभा असतो. गाडीच्या खोलीचे शटर जड असते. ते खाली येत असताना मध्ये मूल आले, म्हातारे माणूस आले, तर बघणारे कोणीतरी हवे. याकरता दाबून धरली तरच चालणारी आणि बोट उचलले की थांबणारी कळ मिळते. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे मी तीच बसवायला सांगेन. जमिनीपासून पाचेक फुटांवर, आणि शटर पूर्ण नजरेत राहील अशा जागी. पंधरा-वीस सेकंद बोट दाबून उभे राहावे लागते खरे, पण दोन हातांनी शटर लोटण्यापेक्षा हे पुष्कळच हलके काम आहे.

आता रिमोट. पावसात गाडीतून न उतरता शटर वर जावे, ही इच्छा काही चैनीची नव्हे. गुडघे धरलेल्या माणसाला तर ती गरजच आहे. रिमोट घेताना मात्र तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, बटणे किती? एकाच बटणावर वर, थांब, खाली, थांब असा फेरा चालणारे रिमोट मिळतात. मध्येच शटर थांबले की पुढच्या दाबाला ते वर जाणार की खाली, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. वर, खाली आणि थांब यांची बटणे वेगवेगळी असलेलाच घ्यावा.

दुसरी गोष्ट संकेताची. स्वस्त रिमोट दर वेळी एकच ठरलेला संकेत पाठवतो. तो हवेतून टिपून घेऊन पुन्हा पाठवता येतो, आणि अशा रिमोटची नक्कल करणारे रिमोट बाजारात उघड विकले जातात. बारा खटक्यांच्या जुन्या पद्धतीत तर संकेतच एकंदर ४,०९६. म्हणजे चोराने नुसती चिकाटी धरली तरी पुरे. दुसऱ्या जातीत दर दाबाला संकेत बदलतो. काल टिपलेला आज चालत नाही. याला बदलता संकेत म्हणतात, इंग्रजी नाव ‘रोलिंग कोड’. दुकानदाराला विचारा, ‘याची नक्कल बाजारात करून मिळेल का?’ तो मोठ्या कौतुकाने ‘हो, कुठेही मिळेल’ म्हणाला, तर तो रिमोट घराला उपयोगाचा नाही, असे समजा.

तिसरी गोष्ट अगदी किरकोळ दिसते. रिमोट अंगणातून चालत नाही, भिंतीला चिकटून दाबला तरच चालतो, ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. दोष बहुधा रिमोटचा नसतो. संकेत घेणारी पेटी लोखंडी खोक्यात बसवलेली असते आणि तिच्या एरियलची तार आत गुंडाळून टाकलेली असते. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरींना ही तार साधारण १७ सेंटिमीटर लागते. ती सरळ करून लोखंडाबाहेर सोडली की पुष्कळदा काम भागते.

मोबाइलचा मोह मला कळतो. परगावी गेल्यावर रात्री अकरा वाजता ‘शटर लावलं होतं ना?’ हा प्रश्न ज्याला पडला नाही असा गृहस्थ विरळा. पण इथे एक मेख आहे. पुष्कळशा यंत्रणा शटर खाली आल्याचे पाहत नाहीत; हुकूम दिला, इतके सेकंद गेले, त्या अर्थी बंद झाले असणार, असे अनुमान करतात. खाली बादली अडकलेली असली तरी मोबाइलवर ‘बंद’ असेच दिसते. अनुमान नको, प्रत्यक्ष हवे असेल तर शटरच्या तळाशी लोहचुंबकाचा एक छोटा खटका बसवून घ्यावा. शटर खरोखर जमिनीला टेकले तरच तो सांगतो. आणि घरापासून दूर बसून शटर खाली सोडायचे असेल, तर उंबऱ्याशी प्रकाशकिरणाचा पहारा असलाच पाहिजे. किरण अडला की शटर थांबून उलटे फिरावे. ही सोय नसेल तर मोबाइलवरून फक्त चौकशी करावी, हुकूम देऊ नये.

दुसरी मेख कंपनीची. तुमचा हुकूम आधी दूरदेशीच्या संगणकाकडे जातो आणि तिथून तुमच्या दाराशी येतो, अशी पुष्कळ यंत्रणांची रचना असते. तो संगणक बंद पडला की मोबाइलवरचे बटण नुसते चित्र. हा काही कल्पनाविलास नव्हे. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची अशी पेटी २०१६ च्या मे महिन्यात मालक कंपनीने कायमची बंद केली. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे संगणक अचानक थांबले. पेट्या भिंतीवर होत्या तिथेच राहिल्या. तेव्हा घेताना पाहावे, की इंटरनेटची तार काढली तरी घरातल्या घरात ती चालते का? २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘मॅटर’ या समान भाषेत ती सोय धरलेली आहे. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात एकमेकांशी बोलतात.

युरोपात हा विषय वेगळ्या अंगाने येतो. जर्मनीत घराच्या खिडक्यांनाच बाहेरून गुंडाळते पडदे असतात, हलके, पण एका घरात आठ-दहा. नळीसारखी मोटर त्यांच्या आसातच बसलेली असते. तिथे स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नवे घर बांधताना मला फोनवर विचारले, ‘सर, तारा घालू की बिनतारी घेऊ?’ भिंती उघड्या आहेत तोवर प्रत्येक खिडकीपर्यंत नळी आणि तार घालून ठेव, असे मी सांगितले. बिनतारी यंत्र पुढे केव्हाही जोडता येते, भिंत मात्र पुन्हा फोडावी लागते. तिथे घड्याळ लावून संध्याकाळी सगळे पडदे आपोआप उतरवतात. ते ठीक, पण गच्चीच्या दाराला घड्याळ लावू नये. बाहेर बसलेला माणूस थंडीत बाहेरच राहतो.

आपल्याकडची काळजी थंडीची नाही, वीज जाण्याची आहे. वीज गेली तर शटर हाताने उघडता येते का, हा प्रश्न कळीच्याही आधीचा. जड शटरच्या मोटरला बाजूने साखळी असते, नळीच्या मोटरला फिरवायचा दांडा घेता येतो. पण दांड्याची सोय असलेली मोटर मुद्दाम मागावी लागते. घरातून बाहेर पडायला त्या शटरखेरीज दुसरे दार नसेल, तर ही सोय नसलेली मोटर फुकट मिळाली तरी घेऊ नका. रात्री आग लागली तर वीज बहुधा आधी जाते.

म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी शटर अर्ध्यावर थांबवा आणि मेन स्विच बंद करा. मिनिटभराने तो पुन्हा चालू करा. शटर आपोआप जरासुद्धा हलता कामा नये. मग मेन पुन्हा बंद करून साखळी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या हाती द्या, आणि शटर वर नेता येते का ते बघा. बसवणारा घाई करील, त्याला दुसरीकडे जायचे असते. त्याला थांबवून ठेवा.