वस्तऱ्याचा भाव

(सोसायटीच्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी पार्किंगवरून आपण बिल्डरशी केलेली घासाघीस इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. भाव करण्याचं माझं शिक्षण तिथंच झालं. निवृत्तीनंतर ते कामी आलं जुने वस्तरे जमवताना. आज घरात एकवीस वस्तरे आहेत. “अहो, दाढी साध्या ब्लेडनं करता, मग हे कशाला?” या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पूर्वी प्रत्येक नाभिकाच्या धोकटीत धार लावायचा वस्तरा असे. पुढे एड्सची भीती पसरली, सलूनमध्ये ब्लेड बदलायचा वस्तरा आला आणि जुने वस्तरे भंगारात निघाले. आपल्या पुण्यात ते मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सापडतात, रविवारी आणि बुधवारी.

वस्तरा हातात घेतला की आधी पात्याच्या बुडाशी कोरलेला शिक्का वाचायचा. इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं झोलिंगेन ही यातली दोन मोठी गावं. अमेरिकेनं 1890 साली कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे शेफील्डसोबत ‘इंग्लंड’ही कोरलेलं असेल, तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. मग पातं उजेडात धरायचं. पाठीवरचा गंज घासून जातो, पण धारेजवळ खड्डे पडले असतील किंवा केसाएवढी चीर असेल, तर तो फुकटही घेऊ नये. मूठ हस्तिदंताची असेल तर हातच लावू नये, त्या व्यापाराला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे.

भाव करायची रीत अशी : आवडलेल्या वस्तूकडे आधी बघायचं नाही. शेजारच्या पितळी कुलपाची किंमत विचारायची, मग सहज वस्तरा उचलायचा, खोड काढायची आणि निम्मा भाव सांगून चालू लागायचं. दहा पावलांत हाक येते.

एका रविवारी बाजाराच्या टोकाला एक आजोबा स्वतःची धोकटी पसरून बसले होते. वाटी, ब्रश, चामड्याचा पट्टा आणि झोलिंगेनचा एक वस्तरा. म्हणाले, “सहाशे.” पात्यावर काळसर डाग होता. तो वापरानं पडलेला डाग आहे, गंज नव्हे, हे मला कळत होतं. तरी म्हटलं, “बाबा, गंजलाय हो. अडीचशे.” आणि चालू लागलो. हाक आली, पण जरा उशिरा. “न्या.”

घरी येऊन वस्तरा मनगटावर हलकेच फिरवला. केस साफ! त्याच सकाळी कुणीतरी तो पट्ट्यावर फिरवलेला होता. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच माणसानं निगुतीनं धार लावलेली. मी भंगार घेतलं नव्हतं, एका कारागिराचं हत्यार घेतलं होतं, आणि तेही त्याच्या तोंडावर खोटं बोलून.

तीन आठवडे फेऱ्या मारल्यावर आजोबा भेटले. मी साडेतीनशे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. “सौदा झाला साहेब. गंज नव्हता, तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. पैशाची नड होती, म्हणून दिला.” मी मान खाली घातली. मग त्यांनीच पट्टा उचलला. “हा घ्या. याचे चारशे. याच्याशिवाय वस्तरा मरतो.” मी भाव केला नाही. पैसे मोजून घेतल्यावर त्यांनी तिथंच शिकवलं : पट्ट्यावर नेताना पाठ पुढं, धार मागं, वळवताना पाठीवरूनच वळवायचं, नाहीतर पट्टा कापतो. दाढी झाली की पातं कोरडं करून तेलाचं बोट लावायचं.

भाव मी आजही करतो. बाजाराची ती गंमत आहे. पण चांगल्या मालाला वाईट म्हणत नाही. आपल्या गेटवर भाजीवाल्या मावशींशी बोलतानाही हे आठवतं. परवा त्यांच्या ताज्या मेथीला ‘सुकलीय’ म्हणणार होतो, गप्प बसलो.

कुणाला वस्तरे बघायचे असतील तर रविवारी दुपारी घरी या. मुलांनो, तुम्हीही या, पण हात पाठीमागे बांधून! चहा सौभाग्यवती देतील, असं मी त्यांना न विचारता सांगतो आहे.