बाळाचे वजन आणि कापसाचा काटा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या मेळाव्यात भावाची गोष्ट निघते, कर्जाची निघते, विजेची निघते. आज आम्ही बाळाच्या दुधाची गोष्ट काढणार आहोत. काही जणांना वाटेल, हा बायकांचा विषय, तो बायकांनी आपसात बोलावा. पण १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रिया प्रचंड संख्येने जमल्या, तेव्हापासून शेतकरी चळवळीत एक गोष्ट ठरून गेली आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचा प्रश्न हा शेतीचाच प्रश्न आहे. तेव्हा पुरुष मंडळींनी उठून तंबाखू मळायला बाहेर जाऊ नये. यातले निम्मे काम त्यांचे आहे.

आधी हिशेब मांडू. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशभर घरोघर जाऊन कुटुंब आरोग्य पाहणी करण्याचे काम तिच्याकडे असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेली पाचवी पाहणी सांगते की महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि ३६ मुलांचे वजन कमी आहे. त्याआधीची पाहणी २०१५-१६ सालची. तेव्हाचे आकडे ३४ आणि ३६. म्हणजे मधल्या काळात योजना आल्या, जाहिराती झाल्या, मंत्र्यांचे फोटो छापून आले आणि पोरांची उंची होती तिथेच राहिली.

आता कोणी म्हणेल, हे सगळे गरिबीमुळे. शेतीमालाला भाव द्या, कुपोषण आपोआप जाईल. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आणि ते खोटे नाही. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा ऐका. देशातल्या सगळ्या घरांचे सांपत्तिक स्थितीप्रमाणे पाच भाग केले, तर सर्वांत गरीब भागात शंभरातली ४६ मुले खुंटलेली आहेत. आणि सर्वांत सधन भागात? तिथेही २३. ज्यांच्या दारात गाडी आहे, घरात फ्रीज आहे, त्यांच्याकडेसुद्धा चार मुलांत जवळजवळ एक मूल खुंटलेले. याचा अर्थ सरळ आहे. पैसा आला की कुपोषण निम्म्यावर येते, संपत नाही. उरलेले कुठून येते, हे शोधले पाहिजे.

हा शोध ज्यांनी मनावर घेतला, त्यातली एक जागा मुंबईत पवईला आहे. पवईची आयआयटी १९५८ साली सुरू झाली. तिथले इंजिनिअर बाहेर पडतात आणि बहुतेक विमानाने परदेशी जातात, असे आपण समजतो आणि ते फारसे चूक नाही. पण याच आवारात १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे एक केंद्र आहे, त्याला 'सितारा' म्हणतात. तिथले विद्यार्थी खेड्यात जाऊन राहतात. पाणी, चुली, शेती, आहार यांचा अभ्यास करतात. बालरोगतज्ज्ञ डॉ. रुपल दलाल या केंद्राशी जोडल्या गेल्या. त्याच आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी संगणक शिकवण्यासाठी छोट्या छोट्या बोलक्या फिती तयार करण्याची पद्धत बसवली होती. पाठ एकच, आवाज मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत. ही पद्धत आणि डॉक्टरांचे ज्ञान एकत्र आले आणि बाळाला कसे पाजावे, सहा महिन्यांनंतर काय भरवावे, याचे पाठ मराठीसह अनेक भाषांत तयार झाले. ते फुकट पाहता येतात.

पाजायला काय शिकवायचे, असे आजी विचारील. आजी, तुमचा मान राखून सांगतो, यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट चिकाची. गाय व्यायली की वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायचा, हे आपल्या सालदारालाही ठाऊक असते. पाजला नाही तर वासरू दगावते. आणि आपल्याच घरात बाळ जन्मले की काही ठिकाणी आईचा चीक 'जड असतो' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या जिभेवर मध, गुळाचे पाणी, घुटी लावतात. वासराला जे कळते ते माणसाच्या पिलाला का नाकारायचे? पहिल्या तासात बाळ अंगाशी लावायचे, दुसरे काही द्यायचे नाही.

दुसरी गोष्ट पकडीची. पवईच्या पाठांचा सगळा भर यावर आहे. डाव्या बाजूला पाजायचे असेल तर उजव्या हाताने बाळाच्या मानेला कानांच्या मागून आधार द्यायचा. डाव्या हाताने स्तन धरायचा. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले हवे. जांभई द्यावी तसा बाळाने मोठा आ केला की त्याला जवळ घ्यायचे. नुसते स्तनाग्र तोंडात गेले तर बाळ चोखत राहते, दूध येत नाही आणि आईला जखमा होतात. भोवतालचा काळा भाग, त्यातही खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. हनुवटी टेकलेली, नाक मोकळे. आईला दुखत असेल तर पकड चुकली समजा आणि बाळाला सोडवून पुन्हा लावा.

पकड चुकली की काय होते? स्तन रिकामा होत नाही. रिकामा झाला नाही की शरीर दूध कमी तयार करते. ते शरीराचे गणितच आहे: जितके काढाल तितके येते. मग बाळ रडते, सासू म्हणते हिला दूधच नाही, दुकानातून पावडरचा डबा येतो, बाटली येते, बाटलीबरोबर हगवण येते. दूध नाही अशी आई फार क्वचित असते. बहुतेकींना कोणी शेजारी बसून दाखवलेले नसते, एवढेच.

एका बाजूचे पूर्ण पिऊन झाल्यावरच दुसरी बाजू द्यायची. धार काढणाऱ्याला माहीत आहे, शेवटची धार जास्त सायीची. आईचेही तसेच. पाच-पाच मिनिटांनी बाजू बदलली तर बाळाच्या पोटात पातळ दूधच जाते.

आणि पहिले सहा महिने पाणीसुद्धा नाही. मे महिन्याच्या उन्हात जीव कासावीस होतो, म्हणून चमचाभर पाणी द्यावेसे वाटते. आईच्या दुधात पाणी भरपूर असते. तहान लागली तर बाळाला जास्त वेळा पाजा, आणि पाणी आईला पोटभर प्यायला द्या. बाळंतिणीला पाणी तोडण्याची रीत बंद करा.

बाळाचे बरे चालले आहे हे ओळखायचे कसे? काट्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे ३.३ किलोचा मुलगा तीन महिन्यांत साधारण ६.४ किलोचा होतो; ३.२ किलोची मुलगी ५.८ ची होते. पहिले काही दिवस वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांत ते भरून निघाले पाहिजे, आणि पुढे चढतच गेले पाहिजे. व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलोभर काटा मारला तर आपण बाजार बंद पाडतो. घरातले बाळ महिनाभर वजन घेत नाही, हे कळायला मात्र आपल्याकडे काटाच नसतो.

सहा महिने संपले की वरचे अन्न सुरू. इथे आमचे शेतीशास्त्र कामाला येते. महाराष्ट्रात सहा महिने ते दोन वर्षे या वयाच्या दहा मुलांत जेमतेम एकाला पुरेसा आहार मिळतो, असे तीच देवनारची पाहणी सांगते. आपण काय भरवतो? डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेले बिस्किट. डाळीच्या पाण्यात डाळ कुठे असते? बाळाला घट्ट हवे. चमचा आडवा केला तरी सांडू नये असे.

ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम प्रथिने आहेत, लोह आहे. पण लायसिन नावाचा घटक ज्वारीत कमी. तो मुगात, तुरीत भरपूर. ज्वारी आणि डाळ एकत्र आली की दोघींची उणीव भरून निघते. तीळ, जवस, शेंगदाणे भाजून बारीक कूट करा. अख्खा दाणा बाळाला कधी देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. मोड आलेले मूग शिजवून वाटा. शेवग्याचा पाला वाळवून पूड करा. घरात चालत असेल तर अंडे द्या. आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध चालू ठेवा.

आता ही यादी पुन्हा ऐका. ज्वारी, मूग, तूर, तीळ, जवस, भुईमूग, बांधावरचा शेवगा. हे सगळे आपल्या आजाच्या शेतात एकाच शिवारात होते. आज कपाशी आहे, सोयाबीन आहे आणि बाळाचे खाणे दुकानातून येते. शेतकऱ्याने हे वेडेपणाने केले काय? ज्वारी पेरून खर्च निघेना, पाखरे राखायला माणूस मिळेना, रेशनवर गहू-तांदूळ येऊ लागला, म्हणून ज्वारी गेली. बाळाच्या ताटातली ज्वारी भावाने हिरावली. तेव्हा भावाची लढाई आणि बाळाच्या ताटाची लढाई एकच आहे, हे लक्षात ठेवा. पण ती जिंकेपर्यंत घरापुरत्या चार-सहा तासांत मूग, तीळ, ज्वारी पेरायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता अवघड गोष्ट. हे सगळे ज्ञान एका जागी येऊन अडते, आणि ती जागा म्हणजे कापसाची वेचणी. वेचणी किलोवर असते. बाई बाळाला घेऊन बसली की तिची मजुरी बुडते. दोन महिन्यांचे बाळ आजीकडे सोडून ती फडात येते, आणि पान्हा दाटून पदर भिजतो तरी वेचत राहते. पवईच्या पाठाने तिला पकड शिकवली. वेळ कोण देणार?

सरकार काय देते पाहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिले आहे की गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळावेत. २०१७ साली योजना आली, तीत पहिल्या अपत्याला ५,००० ठेवले. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,००० आहेत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या हिशेबाने ५,००० म्हणजे १७ दिवसांची मजुरी. शास्त्र सांगते १८० दिवस पाजा. १८० दिवसांची मजुरी होते ५३,४६० रुपये. म्हणजे १६३ दिवसांचा बोजा त्या आईच्या डोक्यावर. आपल्याकडून लेव्ही घेताना, निर्यात रोखताना जी तोट्याची मांडणी होती, तीच इथे आहे.

सरकारकडे बोट दाखवताना आपलेही बघू. वेचणीला येणारी बाई आपल्याच शेतात असते. दुपारी दोनदा अर्धा तास तिला मिळाला, बांधावर सावली आणि पिण्याचे पाणी मिळाले, तेवढ्या वेळाची मजुरी कापली नाही, तर आपण बुडणार नाही. घरच्या सुनेलाही तोच न्याय. आणि फवारणी चालू असलेल्या शेतात बाळ किंवा बाळंतीण मुळीच नको. फवारलेले कपडे उतरवून, अंघोळ करूनच बापाने बाळाला उचलावे.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या बाया हे शिकणार कशा? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले, आणि पुढे आशा ताई घरी येऊन बाळ तपासतात ती पद्धत त्यातूनच देशभर गेली. हुशारी आपल्या गावात आहेच. तिच्याजवळ कोणी बसून दाखवायला हवे.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही चार कामे ठेवतो. प्रत्येक गावशाखेने आशा ताई आणि अंगणवाडी ताईंना घेऊन हे मराठी पाठ दोन वर्षांखालच्या मुलांच्या आयांना आणि आज्यांना दाखवावेत. नुसते दाखवू नयेत, पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळंतिणीजवळ तासभर कोणीतरी बसावे. दुसरे, अंगणवाडीतला बाळाचा काटा चालतो का, हे दर महिन्याला तपासावे. बंद असेल तर ग्रामसभेत विचारावे. तिसरे, या हंगामात वेचणीला येणाऱ्या आईला पाजायची सुट्टी, तीही मजुरी न कापता, हा ठराव आपल्या सभासदांनी स्वतःपासून पाळावा. चौथे, सहा महिन्यांच्या मजुरीएवढे मातृत्व साहाय्य शेतकरी आणि शेतमजूर बाईला मिळावे, ही मागणी भावाच्या मागणीच्या शेजारी लिहावी.

पवईची संस्था आपल्या करातून चालते. तिथे पिकलेले ज्ञान घरी आणणे म्हणजे भीक मागणे नाही, आपला माल उचलणे आहे. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक शाखेने दोन आकडे लिहून आणावेत: आपल्या गावात सहा महिन्यांखालची बाळे किती, आणि त्यांतल्या किती जणांचे वजन गेल्या महिन्यात वाढले. चर्चा तिथून पुढे सुरू करू.