मनाच्या उपचाराची किंमत आणि भाषा

मनाच्या आजाराचा प्रश्न कष्टकऱ्यांच्या चळवळीत क्वचितच चर्चेला येतो. वेतन, धान्य, पाणी यांच्यापुढे तो खासगी, किंबहुना चैनीचा मानला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १० प्रौढांपैकी सुमारे एकास मानसिक विकार होता. आणि नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या १०० रुग्णांपैकी ८५ जण उपचारांवाचून होते. अज्ञान आणि अंधश्रद्धा ही याची कारणे म्हणून सांगितली जातात. ती आहेतच, पण हिशेब मांडला की आणखी दोन कारणे पुढे येतात : किंमत आणि भाषा.

उपचाराची किंमत म्हणजे केवळ शुल्क नव्हे. समजा, सोलापुरातील एखादी विडी कामगार बाई समुपदेशनासाठी निघाली. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या गेल्या. वर रिक्षाचे भाडे. आणि हे दर आठवड्याला. शुल्क शून्य असले तरी उपचार तिला महागच पडतो.

तरीही ती गेली, तर? तिचे सांगणे असते की छातीत धडधडते, डोक्याला भुंगा लागला आहे, कशात जीव रमत नाही. समोरून प्रश्न येतो, ‘आपणांस नैराश्य जाणवते काय?’ ती ‘नाही’ म्हणते आणि घरी परतते. सुनेला सासूच्या देखत मन मोकळे करण्यास सांगितले जाते. दलित तरुणाला जातीवरून झालेल्या अपमानाविषयी बोलायचे असते. त्याला आत्मविश्वास वाढविण्याचे धडे मिळतात. ‘संस्कृतीचे भान’ हा भारदस्त शब्दप्रयोग अखेर अशाच साध्या गोष्टींविषयी असतो. अंगारे-धुपाऱ्यांना मोकळीक देणे असा त्याचा अर्थ नव्हे. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, याचा विसर पडू नये.

गोव्यात याबाबत एक महत्त्वाचा प्रयोग झाला. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांना तिथल्याच समाजातील, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. आजाराने सुटलेली कामे, तुटलेली माणसे यांकडे रुग्णाला थोडेथोडे परत वळविणे, हे त्यातील मुख्य सूत्र. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. तज्ज्ञांची गरज संपली असे यावरून ठरत नाही. तीव्र विकारांना मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधे लागतातच.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर स्पष्टच बोलतो. त्याच्या १८ व्या कलमानुसार ही सेवा परवडणारी, जवळ उपलब्ध असणारी, भेदभावरहित आणि रुग्णास व कुटुंबास रुचेल अशा रीतीने दिलेली असली पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस, तिच्याजवळ शिधापत्रिका असो वा नसो, ती विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. शाखेच्या कार्यकर्त्याने हे कलम खिशात ठेवावे आणि जिल्हा रुग्णालयात समुपदेशक कोणत्या वारी बसतो, कोणती भाषा बोलतो, याची चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य दूरध्वनीवर मराठीतूनही बोलता येते. पहिला समुपदेशक मानवला नाही, तर दुसरा मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. रुग्ण तेथे उपकारासाठी गेलेला नसतो.

गोव्याच्या प्रयोगातून सरकारी हिशेबनीस मात्र भलताच धडा घेण्याचा संभव आहे. स्वस्त उपचार म्हणजे स्वस्त माणूस, असे समीकरण मांडून हे काम आशा सेविकांच्या मानधनावर लादले जाईल. दुसऱ्याचे दुःख दिवसभर ऐकणे हे श्रमच आहेत. त्यासाठी नियमित वेतनाची स्वतंत्र पदे हवीत, आणि ही मागणी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रात आजच घातली पाहिजे.