गाडी नावावर, किल्ली कुणाकडं?

(आपल्या महासंघाच्या भवानी पेठ, सोलापूर इथल्या मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सावरून इथं दिलं आहे.)



आधी एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कितीजणींच्या नावावर दुचाकी आहे? हात वर करा. वाचणाऱ्या मैत्रिणींनी मनातल्या मनात करा. आता हात तसाच वर ठेवा, आणि ज्यांना ती गाडी स्वतः चालवता येत नाही त्यांनी खाली घ्या.

बघा, किती हात खाली आले.

गावोगावी गटाच्या बैठकीला गेले की मी कर्जाचं रजिस्टर बघते. कर्जाचं कारण म्हणून शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी असते, तसं हल्ली 'स्कूटी' असंही लिहिलेलं दिसतं. चांगली गोष्ट आहे. कर्ज ताईच्या नावावर, हप्ता ताई भरते, आरसी बुकावर नाव ताईचं. मग मी विचारते, "ताई, गाडी कुठंय?" उत्तर येतं, "पोरगं घेऊन गेलंय," नाहीतर "मालक शेताकडं गेलेत." आणि ताई बैठकीला येते चालत, नाहीतर वडापच्या जीपमध्ये कोंबून.

"तुम्ही का शिकत नाही?" असं विचारलं की तीन उत्तरं ठरलेली. "मला नाय जमायचं." "आता या वयात?" आणि "गाडी बघूनच हातपाय कापतात." आज मला या तीन वाक्यांबद्दल बोलायचंय. ही वाक्यं मीसुद्धा म्हटलेली आहेत.

समाजकार्याची पदवी हातात आली तेव्हा मला सायकलपलीकडं काही चालवता येत नव्हतं. नोकरीच्या जाहिरातीत अट होती, 'दुचाकी चालवता येणे आवश्यक'. तेवीस वर्षांची होते, म्हणजे कायद्याप्रमाणं पाच वर्षं आधीच लायसन्स काढता आलं असतं. वर्गात मी ताठ मानेनं बोलायचे, पण हैदराबाद रोडला मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सगळं शिक्षण विसरायचे. ब्रेकवर बोटं इतकी आवळलेली असायची की रात्री भाकरी थापताना दुखायची. शिकवणारी मैत्रीण म्हणायची, "अगं, श्वास घे की जरा." श्वास घ्यायचा असतो हेसुद्धा लक्षात राहायचं नाही.

तेव्हा मला अभ्यासात शिकलेली एक गोष्ट आठवली. अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली एक विचार मांडला. 'मला हे जमेल' ही भावना माणूस जन्मताना घेऊन येत नाही, ती तयार होते, आणि चार वाटांनी तयार होते. एक, आपण स्वतः थोडं थोडं करून बघितलं की. दोन, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना बघितलं की. तीन, ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्यांनी 'जमेल तुला' म्हटलं की. चार, छातीतल्या धडधडीचा अर्थ आपण कसा लावतो त्यावरून.

आता ही चार बोटं तुमच्या भाकरीला लावून बघा. तुम्हाला भाकरी येईल की नाही अशी शंका कुणाला आली होती का? पहिली भाकरी वाकडी झाली, दुसरी फाटली, तिसरी करपली. तरी कुणी म्हटलं नाही, "हिला भाकरी जमायची नाही, हिचा स्वभावच तसा." कारण आई करताना दिसत होती, आजी करताना दिसत होती, शेजारची काकी करताना दिसत होती. या भवानी पेठेत, आजूबाजूच्या पेठांत कितीतरी बायका विड्या वळून घर चालवतात. हजार विड्यांवर मजुरी ठरते. त्यांची पानंसुद्धा सुरुवातीला फाटलीच ना? पण शेजारी दहा बायका वळत बसलेल्या होत्या. म्हणून हात चालू राहिला आणि एके दिवशी बसला.

गाडीच्या बाबतीत काय झालं? आपण बायकांना गाडी चालवताना बघितलंच नाही. मागं बसलेलंच बघितलं, तेही एका बाजूला दोन्ही पाय सोडून. मग मनानं धरलं, की हे आपलं काम नव्हे. म्हणून मी म्हणते, ही शंका तुमच्या स्वभावातली नाही. बघायला मिळालं नाही म्हणून ती आली आहे, आणि बघायला मिळालं की ती कमी होते.

मग बघूया. लांब जायला नको, आपल्या सोलापूर स्टेशनवरच चला. 13 मार्च 2023 ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी निघाली. साडेचारशे किलोमीटरची वाट, मध्ये बोरघाट. ती गाडी चालवत होत्या सुरेखा यादव. साताऱ्याच्या शेतकरी घरातल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

टाळ्या वाजवा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या तिथवर कशा पोचल्या ते बघा. 1989 साली त्या रुजू झाल्या त्या सहायक चालक म्हणून. म्हणजे शेजारी बसून शिकायचं. पुढं मालगाडी. मग मुंबईची लोकल. मग घाट. 2011 च्या महिलादिनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन. आणि सोलापूरची वंदे भारत हातात आली ती रुजू झाल्यानंतर चौतीस वर्षांनी. एकदम कुणी वंदे भारत देत नाही, आणि एकदम कुणाला ती जमतही नाही. बंडुराची पहिली वाट हीच, थोडं थोडं करत जाणं.

परभणीच्या शीला डावरे यांनी 1988 साली पुण्यात रिक्षा चालवायला घेतली. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद आहे. जून 2023 मध्ये सासवड ते नीरा या रस्त्यावर अर्चना आत्राम यांनी एसटी चालवली. एसटी म्हणजे आपली लाल परी, केवढं मोठं धूड!

तुम्ही म्हणाल, या एकेकट्या बायका जिद्दीच्या, आमचं तसं नाही. मग एका अख्ख्या जिल्ह्याचं सांगते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै नावाचा जिल्हा आहे. 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथं साक्षरतेची मोहीम चालू होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्या मोहिमेत सायकल शिकणं घेतलं. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या ताई, सगळ्या शिकल्या. एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. नावं ठेवणारे होतेच, घाणेरडं बोलणारेही होते. पण एकटी बाई सायकलवर दिसली की गाव हसतं, पन्नासजणी दिसल्या की गाव बाजूला सरतं. आपल्याकडं गट आहे, ग्रामसंघ आहे. हे बळ आपण कर्जासाठी वापरतो, मग शिकण्यासाठी का वापरू नये?

आता धडधडीबद्दल. "हातपाय कापतात" म्हणजे "मला जमणार नाही" असा अर्थ आपण लावतो. जरा आठवा, गटाचे पैसे काढायला बँकेत पहिल्यांदा गेला होता तेव्हा सही करताना हात कापला नव्हता? आज त्याच ताया मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसतात. नवीन काम करताना अंग सावध होतं, त्याला आपण भीती म्हणतो. थोडी भीती रस्त्यावर उपयोगाची आहे. जिला अजिबात भीती नाही तिच्या मागं मी बसणार नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. नुसत्या आत्मविश्वासावर गाडी चालत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि सरावाची पद्धत असते. ती लिहून घ्या.

पहिले दोन दिवस गाडी चालूच करायची नाही. हातात धरून मैदानात फिरवा. स्टँडवर घ्या, काढा. वजन अंगाला कळू द्या. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघा, टेकत नसतील तर ती गाडी शिकायला घेऊ नका. मग चालू करून पाय खाली ठेवूनच हळूहळू पुढं जा, थांबा, पुढं जा, थांबा. आधी थांबायला शिका. थांबता येतं हे एकदा हाताला कळलं की निम्मी भीती जाते. नजर चाकाकडं नको, लांब ठेवा. जिथं बघाल तिकडं गाडी जाते. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यात जाल. रोज अर्धा तास पुरे, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन तास नको. मैदान झालं की सकाळी लवकर गावातला रस्ता, मग डांबरी, आणि हायवे सगळ्यात शेवटी. मागं माणूस किंवा पोतं तर त्याहून नंतर. पदर, ओढणी पिनेनं आवळून खोचा, चाकात अडकून जीव गेलेले आहेत. हेल्मेट आयएसआयचं, आणि मागं बसणारीलाही.

कागदाचं सांगते. आधी लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालतं. गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल 'एल' लावा. त्या 'एल'ची लाज वाटू देऊ नका, तो मागच्या ट्रकवाल्याला निरोप आहे. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणजे बघा, चाळिशीनंतर शिकणारी माणसं येणार हे सरकारनंसुद्धा धरलेलं आहे, "आता या वयात" म्हणून परत पाठवत नाहीत! आणि आठ काढताना पाय टेकला, नापास झाला, तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. हाही नियमच आहे. पहिल्या फेरीला काहीजण नापास होणार हे कायद्याला माहीत आहे. ते आपण मनाला का लावून घ्यायचं?

आता जरा कडू बोलते. गाडी तुमच्या नावावर आहे आणि नववी-दहावीतलं पोरगं ती फिरवतंय. 2019 साली मोटार वाहन कायदा बदलला. अठरा वर्षांच्या आतल्या मुलानं गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. मालक म्हणजे कोण? आरसी बुकावर नाव असलेली ताई. हप्ता तुमचा, जोखीम तुमची, मग चालवण्याचा हक्क तेवढा दुसऱ्याचा का? पोराला किल्ली देताना आपल्याला शंका येत नाही. स्वतःला देताना येते. या एका गोष्टीवर आज घरी जाऊन विचार करा.

घरातून विरोध होईल. "हातपाय मोडून घेशील" असं म्हणतील. त्यात कधी काळजी असते, कधी किल्ली सोडायची नसते. भांडू नका. म्हणा, "सकाळचा अर्धा तास गाडी मला द्या, तुम्ही बरोबर या." आणि शिकवणाऱ्यानं मागं बसून ओरडायचं नाही, हे आधीच ठरवा. नवरा ओरडणारा असेल तर शिकवायला मैत्रीण घ्या, नाहीतर मोटार ड्रायव्हिंग स्कूल गाठा.

ज्यांना नीट दिसत नाही, फिट येते, त्यांनी चालवू नये. त्यात कमीपणा नाही. त्यांनी सुनेला, लेकीला पुढं करावं.

जी शिकेल तिचा फायदा काय? बोरामणीच्या, वळसंगच्या, मार्डीच्या ताईला शेंगा चटणी, कडक भाकरी शहरात पोचवायला कुणाची वाट बघावी लागणार नाही. रात्री लेकराला ताप भरला तर दार वाजवत फिरावं लागणार नाही. पुढं जाऊन कमाईही आहे. राज्य सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत सोलापूर आहे. किमतीतला 20 टक्के वाटा सरकारचा, 70 टक्के बँकेचं कर्ज, 10 टक्के आपले. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी महिला व बालविकास कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी गटांना एकच काम देते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत, बचत गोळा झाल्यावर, तीन ठराव लिहा. पहिला, आपल्या गटातली कोण शिकवणार आणि कोणत्या दोघी शिकणार, त्यांची नावं. दुसरा, सरावाची जागा आणि वेळ. तिसरा, शिकणारीला कुणी हसायचं नाही, हसली तर दहा रुपये दंड, गटाच्या खात्यात जमा. पुढच्या भेटीला मी येईन तेव्हा रजिस्टरमधलं ते पान आधी बघणार आहे.

शंका गेल्यावर गाडी शिकू, असं म्हणून थांबू नका. शंका मागच्या सीटवर बसू द्या. ती बडबडेल, बडबडू दे. हँडल तुमच्या हातात असलं म्हणजे झालं.