जुन्या मालमोटारीच्या पायाखालचे अंथरूण

कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात एके काळी डॉज आणि फार्गो मालमोटारी तयार होत. त्या आता क्वचितच दिसतात. पण घाटकोपर-मुलुंडच्या रस्त्यावर चाकरी करून थकलेल्या इतर गाड्या आजही भेटतात. त्यांच्या केबिनमध्ये खाली काय अंथरावे?

कोणी गोणपाट टाकतो, कोणी काथ्याची चटई. सांताक्रूझला वर्षाकाठी सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. चिखलाच्या पायांनी चढणारा क्लीनर त्यातला थोडा आत आणतोच. गोणपाट ते पाणी पिऊन बसते. वरून सुकलेले दिसते, पण खाली पत्रा ओलाच! त्यात समुद्राची खारी हवा. (गुरुजींनी एक खिळा ओल्या गोणपाटात आणि एक कोरड्या डबीत ठेवून आठवड्याने मुलांना दाखवावा.)

आमचे मत जाड, खाचांच्या रबरी मॅटकडे झुकते. मात्र तीही खाली पाणी धरतेच, म्हणून चिकटवू नये. पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून पत्रा पुसावा. अंथरण्याआधी पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेले, तर मॅटचे पैसे आधी पत्र्याला लावा. वरवरचा गंज असेल तर खरवडून रेडऑक्साइड आणि रंग द्या. डिझेल सांडल्यास लगेच पुसा. साधे रबर त्याने फुगते.

आणि ब्रेक! मॅटची मागची कड बाकाखाली घट्ट दाबा. गाडी उभी असतानाच पॅडल तळापर्यंत दाबून पाहा. कड जराही अडकली, तर तेवढी मॅट बेधडक कापा. तिथे उघडा पत्रा दिसला तरी चालेल.