परसांतील हौद आणि दिवड

आमच्या पुण्यांतल्या घरामागें एक लहानसा हौद आहे. पुण्याला हौदाचें अप्रूप नाहीं. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळांतून शहरांत आणलें, आणि पुढें कितीतरी हौद त्यावर भरूं लागले. आमच्या हौदाला असा कांहीं इतिहास नाहीं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, जेमतेम दीड फूट खोल, जमिनीच्या पातळीला बांधलेला. भोंवतीं फरशीची एक ओळ आणि कडेला कर्दळ व अळू. नातीच्या हट्टाखातर मीं त्यांत १४ सोनेरी मासे सोडले होते. ज्या गोष्टीविषयीं मला आज बोलावयाचें आहे ती याच हौदाच्या कांठीं घडली. दिवस श्रावणाचे होते; नागपंचमी होऊन चारच दिवस लोटले होते.

नातीचा एक नेम असे. शाळेला जाण्यापूर्वीं ती हौदाशीं उकिडवी बसून मासे मोजी. एके दिवशीं ती धांवतच घरांत आली. "आजोबा, आज तेराच आहेत." पुढल्या आठवड्यांत ते अकरा भरले, मग नऊ. मेलेला मासा पाण्यावर तरंगतांना दिसेना, कीं हौदाबाहेर एखादा खवला पडलेला सांपडेना. चोर घरचा कीं बाहेरचा, हेंच कळेना.

अशांत एका सायंकाळीं शेजारचे आबा कुंपणाशीं उभे राहून माझ्याशीं बोलत होते. बोलतां बोलतां त्यांची दृष्टि हौदाकडे गेली आणि ते ओरडले, "अहो, नाग! जागचे हलूं नका." फरशीवर दोन हात लांबीचा एक साप होता. आमची चाहूल लागतांच त्यानें डोकें उचललें, मान पसरट केली आणि फुत्कार टाकला. विचार करावयास अवधि मिळाला नाहीं, असें मी पुढें कित्येकांना सांगितलें. परंतु खरें सांगावयाचें तर मीं विचार केलाच नाहीं. बागेंत काम करणाऱ्या गड्यानें माझ्याकडे पाहिलें, मीं मान हलविली, आणि काठीच्या दोन तडाख्यांत काम आटोपलें.

मग आम्ही जवळ गेलों. फण्यावरचा दहाचा आंकडा कोठेंच नव्हता. कारण फणाच नव्हता. पिवळसर अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकडे होते, आणि डोळ्याजवळून मागें गेलेल्या दोन काळ्या तिरप्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. तो दिवड होता. कोणी त्याला पाणदिवड म्हणतात, कोठें कोठें विरोळा म्हणतात. मरतां मरतां त्याच्या तोंडून त्याचें शेवटचें भक्ष्य बाहेर पडलें होतें. तो मासा नव्हता, बेडूक होता.

ज्याचें चित्र पाटावर काढून चार दिवसांपूर्वीं घरांत पूजा झाली, त्याच्याच भ्रमानें आम्हीं एका निर्विष जिवाची हत्या केली होती. नातीनें तो सर्व प्रकार दारांतून पाहिला होता. ती रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "मग मासे कोणी नेले?"

या प्रश्नाचें उत्तर मिळावयास आणखी बारा दिवस लागले. तेवढ्यांत नवांचे सात झाले. तेराव्या दिवशीं मी उजाडण्यापूर्वींच खिडकीशीं जाऊन बसलों. दिसूं लागलें न लागलें तोंच भिंतीवरून एक मातकट रंगाचा पक्षी हौदाच्या कडेवर उतरला. मान आंखडून तो दगडासारखा निश्चल राहिला. पांच-सात मिनिटांनीं त्याची चोंच एकदांच पाण्यांत गेली आणि सोनेरी कांहींतरी घेऊन वर आली. उडतांना त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडले, तेव्हां ओळख पटली. ती ढोकरी होती. तिला वंचक असेंहि एक नांव आहे, आणि तें अगदीं यथार्थ आहे. बसली म्हणजे ती नजरेला सांपडत नाहीं, आणि उडाली म्हणजे नजरेंत भरते.

यावरून मी दिवडाची वकिली करावयास बसलों आहें, असा समज कृपा करून करून घेऊं नये. दिवड मासे खातो. श्नायडर नांवाच्या जर्मन पंडितानें १७९९ सालीं त्याला जें लॅटिन नांव दिलें, त्याचा अर्थच मुळीं 'कोळी' असा आहे. बेडूक आणि मासे हा त्याचा नित्याचा आहार. तो पोहण्यांत पटाईत, स्वभावानें तापट. त्याला विष नाहीं, परंतु धरावयास गेल्यास तो कडकडून चावतो आणि जखमेंतून रक्त येतें. उथळ, उघड्या हौदांत सोनेरी मासे ठेवणें म्हणजे त्याच्यापुढें वाढलेलें ताट ठेवण्यासारखेंच आहे. तो बेडूक संपल्यावर आमच्या माशांकडे वळलाच नसता, अशी हमी मी देऊं शकत नाहीं.

परंतु चोरांचा हिशेब करावयाचा तर तो नीट करावा. सापाचें शरीर आपल्यासारखें स्वतःच्या उष्णतेवर चालत नाहीं. अंग ऊन ठेवण्यासाठीं त्याला अन्न जाळावें लागत नाहीं. म्हणून एकदां पोट भरलें कीं त्याचे कित्येक दिवस निभतात. पक्ष्याचें तसें नाहीं. त्याला रोज खाल्लेंच पाहिजे, आणि एकदां जागा ठाऊक झाली कीं तो नेमानें येतो. ढोकरीप्रमाणेंच खंड्या येतो, रात्रीं मांजर येतें. शिवाय एक चोर असा आहे कीं तो कोणालाच दिसत नाहीं. उन्हाळ्यांत पाणी तापलें म्हणजे त्यांत प्राणवायु कमी मावतो. त्यांतच आपण कौतुकानें जास्त खाणें टाकलें आणि तें तळाशीं कुजलें, तर पहांटेच्या सुमारास मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं मिटूं लागतात. असे निर्जीव झालेले मासे कोणाच्याहि तोंडीं सहज लागतात. घेणारा दिसतो, म्हणून आपण त्याला दोष देतों. माशाला वर आणणारें पाणी मात्र निर्दोष ठरतें.

बागेंत दिसणाऱ्या इतर सापांविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. धामण येते ती मुख्यतः उंदरांसाठीं, आणि बेडूकहि तिला चालतात. अंगावर पट्टे असलेली सडपातळ नानेटी बेडकांवर राहते. एखादें लहानसें मासोळें तिनें खाल्लें तर खाल्लें. कवड्या भिंतींतल्या पालींच्या मागावर असतो. या कोणालाहि विषाचें भय नाहीं, आणि आपल्या माशांना त्यांच्यापासून म्हणण्यासारखा उपद्रवहि नाहीं.

मग मासे राखावयाचे कसे? त्या वर्षीं दिवाळीनंतर मीं जें केलें तें सांगतों. पहिली गोष्ट, हौदाचे कांठ जमिनीपासून दोन फूट उंच करून बाहेरून सिमेंटानें गुळगुळीत घोटून घेतले. जमिनीलगतच्या हौदांत साप नुसता सरपटत उतरतो. उभ्या, गुळगुळीत भिंतीला त्याला आधार मिळत नाहीं. दुसरी गोष्ट, तळ खणून पाणी तीन फूट खोल केलें. बगळ्याच्या जातीचे पक्षी उथळ पाण्यांतले शिकारी. खोल पाण्यांत त्यांचा इलाज फारसा चालत नाहीं. तिसरी, तळाशीं दोन जुने खापरी नळे आणि कांठ फुटलेलें एक मडकें उपडें ठेवलें. वर सावली पडली कीं मासे त्यांत शिरतात. चौथी, पाणी येण्याजाण्याच्या वाटांना बारीक तारेची जाळी बसविली, आणि हौदावरहि चौकटींत ताणून बसविलेली तारेची जाळी घातली. येथें एक इशारा देतों. बाजारांत मिळणारें नायलॉनचें सैल जाळें वापरूं नये. त्यांत साप, पक्षी, सरडे अडकतात आणि तडफडून मरतात; आणि अडकलेला साप सोडविण्याचा प्रसंग आपल्यावरच येतो. पांचवी गोष्ट सर्वांत स्वस्त. हौदाभोंवतींचें दाट अळू, रचलेल्या विटा, पालापाचोळा हें सर्व चार हात दूर नेलें. सापाला उघड्यावर वावरणें आवडत नाहीं.

कित्येक घरांत हौदाभोंवतीं कार्बोलिक, फिनेल किंवा घासलेट ओततात, डांबराच्या गोळ्या टाकतात. त्यानें साप येत नाहींत असा अनुभव नाहीं. पण पावसाच्या पाण्याबरोबर तें हौदांत उतरलें तर मासे निश्चित मरतात. ज्यांच्या रक्षणासाठीं खटाटोप, त्यांचाच घात.

आतां सर्वांत महत्त्वाचें. दिवड निर्विष आहे असें मीं सांगितलें, म्हणून हौदाकांठचा प्रत्येक साप दिवड समजूं नका. बेडूक जेथें असतात तेथें नागहि येतो. नाग शरीराचा पुढचा भाग चांगला उंच उभारतो आणि त्याचा फणा रुंद असतो. दिवड नुसती मान चपटी करून तें सोंग आणतो. हा फरक मी आपणांस सांगितला खरा, परंतु तो तपासण्यासाठीं जवळ जाणें हा शहाणपणा नव्हे. दुरूनच पाहावें, मुलांना आंत न्यावें, सापाला जाण्यास वाट द्यावी. तो घरांत शिरला किंवा जागचा हलेना, तर जाणत्या सर्पमित्राला अथवा वनखात्याला कळवावें. चावलाच, तर जखमेला चिरा देणें, ती चोखणें, करकचून दोरी बांधणें हें कांहीं करूं नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये आणि थेट रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारांच्या विषावर उतारा देणारी लस आपल्या देशांत तयार होते. मांत्रिकाच्या दारांत घालविलेला वेळ मात्र कोणतीहि लस परत देत नाहीं.

आणखी एक गोष्ट. धामण, दिवड, नाग यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभय दिलेलें आहे. त्यांना मारणें हा गुन्हा आहे. मीं तो केला. त्या वेळीं मला साप ओळखतां येत नव्हता, ही सबब कायद्यापुढें टिकणारी नाहीं. आणि घरांतल्या एका लहान मुलीपुढें तर ती मला उच्चारतांहि आली नाहीं. हौद मीं बांधला, मासे मीं आणले, कांठ उथळ मींच ठेवला. पाणी आलें म्हणजे बेडूक येणार, बेडूक आले म्हणजे दिवड येणार, हें त्यांच्या जगांतलें सरळ गणित आहे. रखवालीची जबाबदारी माझी होती, आणि ती मीं काठीवर ढकलली.

उरलेल्या सहा माशांत मग नवे कोणते घातले नाहींत. तसें नातीनेंच ठरविलें. यंदा पावसाळ्यांत अळवाच्या बुडाशीं पुन्हां एक दिवड दिसला. आबांनीं कुंपणावरून हांक मारली, पण या वेळीं आवाज हलका होता. "अहो, तुमचा पाहुणा आला आहे." आम्ही दोघे दुरून पाहत उभे राहिलों. त्यानें गवतांतून एक बेडूक उचलला, आणि सावकाश भिंतीकडेनें निघून गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीनें मासे मोजले. सहाच्या सहा होते.

आपल्याहि परसांत हौद असेल, तर हा पाऊस संपण्यापूर्वीं त्याचे कांठ एकदां पाहून घ्यावे, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.